थेंबाचा माग

अंगणातल्या शहाबादी फरशीवर
सकाळी पाच थेंब.
काल चार होते.
मी खडूने गोल करते, शेजारी तारीख घालते.
एक्स्चेंजमध्ये बत्तीस वर्षं कॉल नोंदवले,
हात अजून ऐकत नाही.

एकोणसत्तर सालची हेराल्ड. दोन दारांची.
अमळनेरात आता ही एकच.
मुलगा पुण्याहून म्हणतो, विकून टाक.
मी म्हणते, आधी गळती तर सापडू दे.

सुपडू मिस्तरी पारोळा रोडवरून सायकलने येतो,
पिशवीत रॉकेल, ब्रश, दाढीचा आरसा.
दोन कड्या सोडतो
आणि गाडीचं अख्खं नाक पुढे पाडतो.
मग चाकावरच बैठक मारून
नुसता वास घेत बसतो.
चहा निवतो.

"ताई, थेंब जठे पडस, तठे गयती नई ऱ्हास."
वर कुठेतरी सुटतं, पंख्याचा वारा मागे ढकलतो,
बोल्टच्या कडेने, वायरीच्या पाठीवरून
तेल फिरत फिरत येतं
आणि भलत्याच्याच नावावर खाली पडतं.

दोन दिवस धुणं चाललं.
रॉकेलने, मग साबणाने. वाळवायला चव्वेचाळीस डिग्री ऊन.
अंगाला लावायची पावडर घरात नव्हती,
मी दादरचं पीठ दिलं.
त्याने ते तळहातावरून फुंकून बसवलं
पंपाखाली, साखळीच्या झाकणावर, संपच्या काठाकाठाने.
पांढरंफेक इंजिन सुरू झालं.
कुंपणावरून छबाबाई:
"वं माय, भाकरी टाकस का त्यामा?"

दहा मिनिटांनी पीठ बोलायला लागलं.
आधी रॉकरच्या कॉर्कपाशी एक तांबूस रेघ,
मग पंपाशी, मग पुढच्या सीलला,
मग सगळीकडूनच,
गेल्या दिवाळीला बदललेल्या गॅस्केटमधूनसुद्धा.
सुपडूने आरसा खाली ठेवला.
एवढे चोर एकदम निघाले
तर चोरांना विचारण्यात अर्थ नसतो.

त्याने तेल भरायचं झाकण काढलं, वर तळहात धरला.
आतून हवा हात उचलत होती.
"इंजिनले सास लेवाले जागाच नई."
झाकणापासून हवाफिल्टरकडे जाते ती बोटभर नळी.
तारेचा आकडा करून त्याने आत घातला
आणि ओढली एक काळी चिंधी,
ओढतच राहिला.

रॉकेलमध्ये बुचकळल्यावर निळी चौकट दिसली.
कोपऱ्यात मी भरलेला वा.

सत्त्याऐंशीचा वैशाख, मला तिसरा महिना.
धुळ्याला जाताना फागण्याच्या अलीकडे
दोनदा गाडी थांबवली,
तेलाचा वास पोटात उलटत होता.
दुसऱ्या दिवसापासून वास बंद.
काय केलं, मी विचारलं.
वामन म्हणाला, काही नाही, गाडीला समज दिली.

तेव्हापासून ती
मिळेल त्या फटीने बाहेर पडत राहिली.
किती गॅस्केट आणली त्याने जळगावहून,
रविवारी फरशीवर पालथा पडून
किती बोल्ट आवळले.
त्याला आठवलंच नसेल.
किंवा आठवलं असेल,
आणि रुमाल काढला तर वास परत येईल, म्हणून.
विचारायला आता कोण आहे?

तीनशे रुपये झाले, कॉर्कसकट.
रुमालाचं काय करायचं, सुपडूने विचारलं नाही.
वाळत टाकला दोरीवर, चिमटा लावून.

सकाळी फरशीवर एकच थेंब.
तो मागच्या सीलचा, ऱ्हाऊ द्या, म्हणाला,
"ज्या दिन तो पडाव नई, त्या दिन तेल दखी ल्या."

रात्री मुलाचा फोन.
सापडली का गळती?
सापडली, मी म्हटलं. तूच होतास.
काय?
तूच होतास, तीन महिन्यांचा.

लाइन खराब आहे गं, तो म्हणाला.

लाइन चांगली होती.